एक चूक आणि चार खिडक्या

आष्टी हें नांव महाराष्ट्रांत एकाच गांवाचें नाहीं. बीड जिल्ह्यांत एक आष्टी आहे; वर्धा जिल्ह्यांत १९४२ च्या लढ्यानें नांवाजलेली दुसरी आहे; सोलापूर जिल्ह्यांत, जेथें १८१८ सालीं बापू गोखले पडले, ती तिसरी. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील आष्टी या तिहींहून निराळी. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाला, तोंपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. म्हणजे गांव जागच्या जागीं राहून त्याचा पत्ता तेवढा बदलला. माणसाला या गोष्टीची फारशी अडचण वाटत नाहीं. बोलणारा कोठला आणि बोलणें कशाविषयीं, हें पाहून ऐकणारा योग्य ती आष्टी मनांत आणतो. यंत्राला ही सोय नाहीं. कागदावरचें नांव एक आणि त्या नांवामागची वस्तु वेगळीच, असें झालें कीं यंत्र बिनदिक्कत भलताच हिशेब करीत बसतें. आणि तो हिशेब इतका नीटनेटका छापून देतें कीं, पाहणाराला संशयहि येऊं नये.

असा हिशेब चुकला म्हणजे चूक शोधावयाची कशी, आणि त्या कामासाठीं पूर्वीच्या संगणकांवर जें एक साधन वापरीत त्याच्या निरनिराळ्या खिडक्यांतून फिरावयाचें कसें, हा या भाषणाचा विषय आहे. विषय वरवर पाहतां यंत्रशाळेंतला वाटेल. परंतु ज्यांच्या घरांतील मुलें संगणकाचें शिक्षण घेतात, त्यांना तो परका वाटण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांचे पैसे, दाखले व वीजबिलें आज संगणकाच्या हिशेबावर अवलंबून आहेत, त्या सर्वांचाच या विषयाशीं संबंध येतो.

उदाहरण याच आष्टीचें घ्यावें. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, तेथील एका शेतकऱ्याचा मुलगा शहरांत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पुढें बरींच वर्षें आपल्याकडील महाविद्यालयांतून सी ही भाषा बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी या साधनावर शिकवीत, आणि विद्यार्थ्यांच्या हातीं बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचें 'लेट अस सी' हें पुस्तक असे. या मुलाच्या मनांत आलें कीं, घरच्या कापसाचा हिशेब आपण यंत्रावर करावा. त्यानें रोमन लिपींत वजन, भाव आणि रक्कम अशीं तीन नांवें योजिलीं. वजनाला भावानें गुणावें आणि येईल ती रक्कम पडद्यावर छापावी, एवढीच ती आज्ञावली. भाव क्विंटलास ४,२०० रुपये धरला. पांच क्विंटलांची रक्कम २१,००० आली, बरोबर. सात क्विंटलांची २९,४०० आली, तीहि बरोबर. आठ क्विंटल घातल्यावर मात्र पडद्यावर उणे ३१,९३६ ही संख्या उमटली; जणू कापूस विकून शेतकऱ्यालाच पदरचे रुपये द्यावयाचे होते.

येथपर्यंत गोष्ट हंसण्यावारी नेतां येईल; कारण उण्याचें चिन्ह स्वतःच ओरडून सांगत असतें कीं, कांहींतरी बिघडलें आहे. परंतु घरचा कापूस सोळा क्विंटल होता. तो आंकडा घातल्यावर रक्कम आली १,६६४ रुपये. आतां उण्याचें चिन्ह नाहीं. संख्या रुपयांत शोभेल अशीच आहे. ज्याला तोंडी गुणाकार येतो तो ६७,२०० म्हणून लगेच चूक दाखवील. पण ज्यानें यंत्रावर विश्वास टाकला आहे, किंवा ज्याच्या पुढें अशा शेंकडों नांवांची यादी आहे, तो तिच्याकडे पाहून पुढें जाईल. ओरडणाऱ्या चुकीपेक्षां गप्प बसणारी चूक अधिक घातक असते. या दोन्ही संख्यांच्या मुळाशीं असलेला दोष एकच आहे, आणि तो शोधून काढणें हें त्या मुलापुढचें काम आहे.

यंत्रांतील दोषाला इंग्रजींत किडा म्हणण्याची रीत जुनी आहे. एडिसननें तो शब्द एकोणिसाव्या शतकांतच या अर्थीं वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्राच्या एका रिलेंत खराखुरा पतंग सांपडला, आणि तो यंत्राच्या नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. पण पतंग चिमट्यानें उचलतां येतो. आज्ञावलींतील चूक तशी उचलतां येत नाहीं. केंब्रिज येथील एड्सॅक हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. त्यावर एक समीकरण सोडविण्यासाठीं मॉरिस विल्क्स यांनीं १२६ ओळींची आज्ञावली रचली, तींत सुमारें २० चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव आपणांस त्याच दिवसांत झाली, असें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. त्या यंत्रावर आरंभीं एकेक आज्ञा चालवून नळीच्या पडद्यावरचे ठिपके न्याहाळीत बसत. त्यांत यंत्राचा मोलाचा वेळ जाई. म्हणून स्टॅन्ली गिल यांनीं, यंत्रानेंच आपल्या चालीचा माग छापून द्यावा, अशी युक्ति काढली व ती १९५१ सालीं प्रसिद्ध केली.

आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामाला लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृति २,०४८ शब्दांची. आणि आज्ञा भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून आंत जात. अशा यंत्रापुढें एकट्यानें बसून तासन्‌तास विचार करीत राहणें कोणास परवडणार? विचार कागदावर करावा, आणि यंत्राकडे जावें तें उत्तर आणावयास. टेबलावर मावणारा संगणक घरोघरीं आला, तेव्हां ही स्थिति पालटली. यंत्राचा वेळ स्वस्त झाला आणि माणसाला त्याच्या पोटांत सावकाश डोकावून पाहतां येऊं लागलें. बोर्लंडनें १९८८ सालीं टर्बो डीबगर नांवाचें जें साधन बाजारांत आणलें, तें या पालटाचेंच फळ होय. त्याला मराठींत दोषशोधक म्हणावयास हरकत नाहीं.

या दोषशोधकाला जागा किती मिळाली होती, हें प्रथम लक्षांत घ्यावें. त्या काळचा साधा पडदा ओळींना ८० अक्षरें व उभ्या २५ ओळी, म्हणजे अवघ्या २,००० अक्षरांचा होता. तेवढ्या जागेंत मूळ आज्ञावली, तींतील आंकडे, यंत्राच्या आंतील कप्पे आणि चालणाऱ्या आज्ञावलीचें स्वतःचें छापील उत्तर, इतकें सारें दाखवावयाचें. लहान घरांत जशी एकच खोली सकाळीं देवघर, दुपारीं जेवणघर आणि रात्रीं निजावयाची खोली होते, तशी त्या पडद्याची गत होती. म्हणून त्यावर चौकटी आंखून खिडक्या केल्या. प्रत्येक खिडकीच्या वरच्या कडेला तिचें नांव व क्रमांक असे. ज्या खिडकींत माणूस उभा असेल तिची चौकट दुहेरी रेघेची, बाकीच्यांची एकेरी.

या खिडक्यांतून फिरण्याच्या कळा थोड्या आहेत, आणि त्या एकदां बोटांत बसल्या म्हणजे विसरत नाहींत. एफ ६ ही कळ दाबली कीं पुढची खिडकी येते. आल्ट ही कळ धरून क्रमांक दाबला कीं त्या क्रमांकाच्या खिडकींत थेट जातां येतें. एफ ५ नें उभी असलेली खिडकी सबंध पडदाभर पसरते आणि पुन्हां दाबल्यास आकसते. आल्टसह एफ ३ नें ती मिटते. एकाच खिडकीचे आंत निरनिराळे खण असतील तर टॅबच्या कळेनें एका खणांतून दुसऱ्यांत सरकावें. आल्टसह एफ ५ दाबलें कीं दोषशोधक स्वतः बाजूला होतो आणि आज्ञावलीनें वापरणाऱ्यासाठीं जो पडदा रंगविला असेल तो जसाच्या तसा दिसतो. नंतर कोणतीहि कळ दाबावी, म्हणजे परत येतां येतें. आल्टची कळ नुसती दाबून धरली तरी पडद्याच्या तळची ओळ बदलते आणि कोणत्या कळेनें काय होईल, याची आठवण करून देते.

खिडक्या अनेक आहेत, तरी आष्टीच्या त्या मुलाला चारच पुरतात. पहिली मूळ आज्ञावलीची; तींत स्वतः लिहिलेल्या ओळी दिसतात आणि यंत्र कोणत्या ओळीवर थांबलें आहे, तें बाणासारख्या खुणेनें कळतें. दुसरी नजरेची; तींत ज्या नांवांवर पाळत ठेवावयाची तीं नोंदवावयाचीं, म्हणजे त्यांची किंमत क्षणोक्षणीं दिसत राहते. दोषशोधक सुरू होतो तेव्हां याच दोन मांडलेल्या असतात. तिसरी यंत्राच्या अंतरंगाची, तिला सी-पी-यू खिडकी म्हणतात. तींत पांच खण आहेत: यंत्राच्या भाषेंतील आज्ञा, रजिस्टर नांवाचे कप्पे, निशाणें, स्मृतींतील मजकूर आणि रास. चौथी खिडकी म्हणजे वर सांगितलेला वापरणाऱ्याचा पडदा. पहिलींत दिसतें तें माणसाचें म्हणणें. चौथींत दिसतो तो त्याचा परिणाम. मधल्या दोन्हींत त्या म्हणण्याचें यंत्रानें प्रत्यक्ष काय केलें, तें दिसतें.

नवशिका माणूस पहिल्याच खिडकींत अडकून राहतो. आपलीच ओळ तो दहा वेळां वाचतो. रक्कम म्हणजे वजन गुणिले भाव. यांत चुकण्याजोगें आहे काय? कांहींच नाहीं. म्हणून तो ती ओळ पुसून पुन्हां तीच लिहितो, आणि यंत्रहि पुन्हां तेंच उत्तर देतें. दुसरा नवशिका याच्या उलट असतो. तो सर्व खिडक्या एकदम उघडतो, एफ ६ दाबीत त्यांच्याभोंवतीं प्रदक्षिणा घालतो, आणि कोणत्या खिडकींत काय पाहावयास आलों, हेंच विसरतो. कळ माणसाला एका खिडकींतून दुसरींत नेते. तेथें गेल्यावर विचारावयाचा प्रश्न त्यानें आपल्याबरोबर न्यावा लागतो.

प्रश्न असा असावा: कोणत्या दोन खिडक्यांचें म्हणणें एकमेकींशीं जुळत नाहीं? कारण दोष असतो तो त्या दोहोंच्या मध्यें. ही कसोटी हातीं धरून तो मुलगा कसा चालतो, तें पाहावें.

गुणाकाराच्या ओळीवर जाऊन तो एफ २ दाबतो. तेथें यंत्रानें थांबावें अशी खूण होते. वजन, भाव व रक्कम हीं तिन्ही नांवें तो नजरेच्या खिडकींत नोंदवितो. एफ ९ नें आज्ञावली सुरू करतो. ती वजन विचारते, तो १६ सांगतो, आणि यंत्र खुणेच्या ओळीवर येऊन थांबतें. नजरेच्या खिडकींत वजन १६ आहे, भाव ४,२०० आहे. येथपर्यंत सर्व जुळतें. म्हणजे आंकडे आंत घेण्यांत चूक नाहीं. एफ ८ नें तो एकच ओळ चालवितो. रक्कम १,६६४ होते. आल्ट-एफ ५ दाबून वापरणाऱ्याचा पडदा पाहिला तर तेथें उत्तर अजून छापलेलेंच नाहीं. म्हणजे छापण्याच्या आधींच रक्कम बिघडली आहे. दोन कळांत चुकीचें क्षेत्र सबंध आज्ञावलीवरून एका ओळीवर आलें.

आतां पहिली खिडकी म्हणते कीं गुणाकार केला. दुसरी म्हणते कीं उत्तर १,६६४. निवाडा तिसरींत व्हावयाचा. मुलगा आज्ञावली पुन्हां त्या ओळीपर्यंत आणतो आणि सी-पी-यू खिडकी उघडतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एफ ७ ही कळ मूळ आज्ञावलीच्या खिडकींत दाबली तर यंत्र एक सबंध ओळ चालतें. तीच कळ सी-पी-यू खिडकींत दाबली तर यंत्राची एकच बारीक आज्ञा चालते. कळ तीच, पण उभें कोठें राहून दाबली त्यावर पाऊल केवढें पडेल, हें ठरतें. पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. पाऊल टाकण्यापूर्वीं दुहेरी चौकट कोठें आहे, तें पाहण्याची संवय म्हणून लावून घ्यावी.

गुणाकाराची आज्ञा चालली कीं रजिस्टरांच्या खणांत दोन कप्पे बदलतात. ए-एक्स या कप्प्यांत ०६८० आणि डी-एक्स या कप्प्यांत ०००१. हे आंकडे सोळाच्या पायावरचे आहेत. ०६८० म्हणजे सहा वेळां २५६ आणि आठ वेळां १६, मिळून १,६६४. डी-एक्समधील एक म्हणजे एक वेळां ६५,५३६. दोहोंची बेरीज ६७,२००. म्हणजे यंत्रानें गुणाकार अगदीं बरोबर केला होता! उत्तर एका कप्प्यांत मावेना म्हणून त्यानें हातचा दुसऱ्या कप्प्यांत ठेविला, आणि निशाणांच्या खणांत सी आणि ओ हीं दोन निशाणें उभारून, उत्तर मावलें नाहीं असा इशाराहि दिला. पुढच्याच आज्ञेंत मात्र ए-एक्समधील संख्या तेवढी रक्कमेच्या घरांत गेली. डी-एक्समधील हातच्याला कोणी विचारलें नाहीं. निशाणांकडे कोणी पाहिलें नाहीं.

कारण आतां उघड झालें. टर्बो सींत 'इंट' या जातीचें घर १६ द्विमान अंकांचें असतें. त्यांत उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच संख्या राहूं शकतात. मुलानें रक्कम हें नांव लिहिलें तेव्हां त्याच्या मनांत वाटेल तेवढी रक्कम होती. यंत्राच्या हिशेबीं त्या नांवाचें घर ३२,७६७ ला संपत होतें. आठ क्विंटलांचे ३३,६०० त्या मर्यादेपलीकडे गेले आणि उण्याच्या बाजूस पडले. सोळा क्विंटलांचे ६७,२०० एक सबंध फेरी पुरी करून पुन्हां अधिकाच्या बाजूस आले.

यावर उपाय म्हणून मुलगा रक्कमेचें घर मोठें करतो. 'लाँग' या जातीचें घर ३२ द्विमान अंकांचें असतें आणि त्यांत दोनशें कोटींहून मोठी संख्या मावते. परंतु आज्ञावली चालवून पाहावी तों उत्तर पुन्हां १,६६४! येथें पुष्कळांचा धीर सुटतो. मात्र खिडक्यांना विचारण्याची रीत ज्याला कळली आहे त्याचा धीर सुटण्याचें कारण नाहीं. सी-पी-यू खिडकींत पाहिल्यास दिसतें कीं, वजन आणि भाव हीं दोन्ही अद्याप लहान घरांतच आहेत. म्हणून गुणाकार लहान मापानेंच झाला, हातचा पूर्वींसारखाच टाकला गेला, आणि उरलेलें १,६६४ तेवढें प्रशस्त घरांत नेऊन ठेवण्यांत आलें. सांडलेलें तेल मोठी बरणी आणल्यानें परत येत नाहीं. ओततांनाच मोठें भांडें हवें. गुणण्यापूर्वींच वजनाला 'लाँग' करून घेतलें पाहिजे.

तेंहि त्यानें केलें. आतां नजरेच्या खिडकींत रक्कम ६७,२०० दिसते. पण आल्ट-एफ ५ दाबून वापरणाऱ्याचा पडदा पाहावा, तर तेथें अजून १,६६४ च! या वेळीं भांडण दुसऱ्या आणि चौथ्या खिडकींत आहे. रक्कम बरोबर आहे. छापतांना ती बिघडते. म्हणजे गुणाकाराकडे पुन्हां जाण्याचें कारण नाहीं. छापण्याची ओळ पाहावी. तेथें टक्क्याच्या चिन्हापुढें डी हें एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ, लहान घरापुरतीच संख्या उचल. यंत्रानें सांगितल्याप्रमाणें खालचा अर्धा भाग उचलला आणि छापला. डीच्या आधीं एल हें अक्षर घातल्याबरोबर पडद्यावर ६७,२०० उमटलें.

एकाच चुकीच्या उत्तरामागें तीन निरनिराळीं कारणें एकापाठोपाठ उभीं होतीं. पहिल्यांत मूळ ओळ व नजरेची खिडकी यांचें जुळेना; दुसऱ्यांत प्रशस्त घर आणि यंत्रांतील आंखूड गुणाकार यांचें; तिसऱ्यांत नजरेची खिडकी व वापरणाऱ्याचा पडदा यांचें. केवळ पडद्यावरच्या उत्तराकडे पाहणाऱ्याला तिन्ही वेळां एकच आंकडा दिसला असता, आणि आपले दोन्ही उपाय व्यर्थ गेले असें वाटून त्यानें बहुधा ते पुसून टाकले असते. म्हणजे बरोबर केलेलें कामहि हातचें गेलें असतें.

मापाच्या या चुकीची किंमत कापसाच्या हिशेबापुरतीच राहते असें नाहीं. ४ जून १९९६ रोजीं युरोपीय अंतराळ संस्थेचा आरियान ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत, वर गेल्यावर चाळीस सेकंदांच्या आंत बाहेर, नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंत ६४ द्विमान अंकांची एक संख्या १६ अंकांच्या घरांत बसविण्याचा प्रयत्न झाला आणि ती मावली नाहीं. आज्ञावली आरियान ४ वरून आणलेली होती. त्या बाणाच्या वेगाला ती संख्या कधीं एवढी मोठी होत नसे. पांच क्विंटलांना बरोबर येणारा हिशेब सोळा क्विंटलांना बिघडावा, त्यांतलाच तो प्रकार.

कोणी म्हणेल कीं, हीं जुनीं साधनें आतां कशाला हवींत? या आक्षेपांत तथ्य आहे. आजच्या नेहमींच्या संगणकांवर 'इंट' चें घर बहुधा ३२ अंकांचें असतें. तेथें हीच आज्ञावली सोळा क्विंटलांना पहिल्याच वेळीं बरोबर उत्तर देईल. शिवाय विंडोजच्या ६४ अंकी आवृत्तींवर टर्बो सी थेट चालत नाहीं. डॉसबॉक्ससारखें जुन्या यंत्राचें सोंग आणणारें साधन मध्यें घालावें लागतें. त्यांतहि एक खोंच आहे. टर्बो सींत कंट्रोल-एफ ९ म्हणजे आज्ञावली चालविणें. डॉसबॉक्सच्या मूळच्या मांडणींत त्याच कळा म्हणजे डॉसबॉक्सच बंद करणें. जतन न केलेलें सबंध काम अशा रीतीनें क्षणांत नाहींसें होतें. म्हणून डॉसबॉक्समध्यें काम करणाऱ्यानें आधीं एफ २ दाबून काम जतन करावें व मग यादींतून आज्ञा निवडून आज्ञावली चालवावी, हें उत्तम. येथेंहि टर्बो डीबगरांत गेल्यावर एफ २ चा अर्थ बदलतो व ती कळ थांबण्याची खूण करते, याचा विसर पडूं देऊं नये.

परंतु साधन जुनें झालें तरी रीत जुनी होत नाहीं. आजचीं नवीं साधनें उघडून पाहावीं. मूळ आज्ञावली, नजरेची यादी, हांकांची रास, यंत्राचे कप्पे आणि उत्तराचा पडदा हीं सारीं तेथेंहि शेजारीं शेजारीं मांडलेलीं आहेत. पडदा रुंद झाल्यामुळें तीं सारीं एकाच वेळीं दिसतात, एवढाच फरक. उलट सर्व एकदम दिसूं लागल्यामुळें कांहींच नीट न पाहण्याचा मोह मात्र वाढला आहे. पंचवीस ओळींच्या पडद्यावर दुसरें कांहीं पाहावयाचें तर मुद्दाम कळ दाबावी लागे. आणि कळ दाबण्यापूर्वीं, तेथें कशासाठीं जावयाचें, असा विचार क्षणभर तरी मनांत येई. आणि घर मोठें झालें म्हणून त्याची भिंत नाहींशी झाली, असेंहि नाहीं. ती ३२,७६७ वरून २,१४,७४,८३,६४७ वर गेली, इतकेंच.

आष्टीच्या त्या मुलाला यावरून एक संवय लागली तर शिक्षणाचें सार्थक झालें असें म्हणावें. त्यानें यंत्राशेजारीं एक साधी वही ठेवावी आणि तींत तीन रकाने आंखावे: काय यावयास हवें होतें, काय आलें, आणि कोणत्या खिडकींत पाहिलें. पहिला रकाना आज्ञावली चालविण्यापूर्वींच भरलेला असावा. कारण उत्तर पाहिल्यावर, आपणांस तेंच हवें होतें असें मनाला पटवून देण्यास फार वेळ लागत नाहीं. परीक्षेचे आंकडेहि सोयीचे घेऊं नयेत. एक क्विंटल, सात क्विंटल, आठ क्विंटल, सोळा क्विंटल, आणि शून्यहि. ज्या ठिकाणीं घराची भिंत आहे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, असे दोन्ही घ्यावे.

त्याची आज्ञावली आतां बरोबर झाली, असें म्हणावयाचें तर तेंहि मर्यादेनेंच म्हटलें पाहिजे. रक्कमेचें घर मोठें झालें. पण वजनाचें घर अजून लहानच आहे. ३२,७६७ क्विंटलांपर्यंत तें पुरेल, ३२,७६८ व्या क्विंटलाला पुरणार नाहीं. आष्टीच्या एका शेतकऱ्याच्या घरीं इतका कापूस कधीं येणार नाहीं, हें खरें. परंतु तीच आज्ञावली उद्यां कोणी एखाद्या मोठ्या जिनिंगच्या वर्षभराच्या हिशेबाला लावली तर काय होईल? म्हणून ती मर्यादा त्यानें आज्ञावलीच्या अगदीं वरच्या ओळींत, कोणासहि दिसेल अशा ठिकाणीं, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावी. आपण पाहिलेल्या चार खिडक्या पुढच्या माणसाला ठाऊक असतीलच असें नाहीं. पहिली खिडकी मात्र तो उघडीलच.